इंजेक्शन लागू पडेना : सवय गाईला नाही, जिवाणूला

प्रश्न (चोपडा तालुका) : जर्सी गाईला दर वेताला दगडी (कासेला सूज) होते. मागच्या वेळी मेडिकलवाल्याने दिलेल्या इंजेक्शनने दोन दिवसांत सूज उतरली. यंदा तेच देऊन फरक नाही. गाईला औषधाची सवय लागली का? जास्त पावरचं कोणतं देऊ?

भाऊ, गाईला सवय लागत नाही. अँटिबायोटिक गाईवर नाही, तिच्या कासेतल्या जिवाणूंवर काम करतं, आणि बदललेत ते जिवाणू. अंदाजाने तेच ते औषध टोचत राहिलं की कच्चे जिवाणू मरतात, चिवट मागे उरतात आणि पुढच्या वेताला त्यांचंच राज्य असतं.

यातली खरी अडचण पुढे आहे. औषधाला दाद न देण्याचा गुण जिवाणूच्या जनुकात असतो. बरेचदा हे जनुक प्लाझ्मिड नावाच्या छोट्या कड्यावर बसलेलं असतं आणि ते कडं एका जिवाणूतून शेजारच्या जिवाणूत जातं, अगदी वेगळ्या जातीच्यासुद्धा. जमीन वारसालाच मिळते, पण सातबाऱ्याची नक्कल कोणीही काढून नेतो, तसं हे. एकाच कड्यावर तीन-चार औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असू शकतात. म्हणून एक औषध वापरलं तरी बाकीच्यांचा प्रतिकारही सोबत टिकून राहतो. ‘जास्त पावरचं’ देऊन हा प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

आतड्यातले जिवाणू शेणातून गोठ्यात, गोठ्यातून हाताला, हातातून घरात येतात. माणसाला लघवीचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलायमुळे होतो, आणि ई. कोलाय जनावराच्या आतड्यातही असतोच. टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली आणि सेफट्रायॅक्झोनसारखी औषधं दवाखान्यात माणसांनाही देतात. तेव्हा गोठ्यातला प्रतिकार गोठ्यापुरता राहत नाही.

आता करायचं काय? पुढचं इंजेक्शन देण्याआधी दुधाचा नमुना घ्या. सड धुऊन कोरडा करा, टोकाला स्पिरिटचा बोळा फिरवा, पहिल्या धारा टाकून द्या, मग निर्जंतुक बाटलीत दूध धरून बर्फात ठेवून पोहोचवा. कोणतं औषध चालेल हे कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणीतून कळतं. तालुक्याचे पशुवैद्यक किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाला विचारा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तपासणीला दोन-तीन दिवस जातात, म्हणून कास कडक, गाय तापाने पडलेली असेल तर नमुना घेऊन डॉक्टरच्या सल्ल्याने उपचार लगेच सुरू करावा लागतो. ठरवून दिलेला कोर्स मात्र पुरा करा.

धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. सड पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा आणि गाईपुढे ढेप-चारा टाका, म्हणजे ती अर्धा तास तरी बसणार नाही. गाय आटवताना सडात सोडायच्या औषधाचं डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा.

उपचार चालू असतानाचं आणि लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंतचं दूध डेअरीला घालू नका. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जिवाणूही त्या औषधाने मरतात. उकळूनही बहुतेक औषधं पुरती जात नाहीत. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते वासराला पाजतात, तेही बंद करा. त्याच्या पोटात चिवट जिवाणूंची पैदास तिथूनच सुरू होते.

प्रश्न (नवापूर) : कोंबडीच्या पिल्लांच्या पाण्यात पहिल्या दिवसापासून पावडर देतो. मर कमी होते आणि वजन भरतं असं एजंट म्हणतो. डब्यावर कोलिस्टिन लिहिलंय. चालेल?

नाही, आणि हा सल्ल्याचा नाही, कायद्याचा प्रश्न आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य जनावरांसाठी तसंच पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. बाकी औषधं थकल्यावर अतिदक्षता विभागात माणसासाठी हेच वापरतात. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरं, मांस आणि रुग्ण या तिन्हींतल्या जिवाणूंत कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-१ हे जनुक सापडलं, तेही प्लाझ्मिडवर. पुढे ते अनेक देशांत आढळलं. डबा विक्रेत्याला परत करा. मर कमी करायची तर तूस कोरडं ठेवा, भांडी रोज धुवा, रानीखेत आणि गंबोरोच्या लसी वेळेवर द्या. हे दोन्ही आजार विषाणूचे, त्यांना कोणतीच अँटिबायोटिक लागू पडत नाही. लंपी आणि लाळ्या खुरकूतही विषाणूचेच. तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतात ती जखमा चिघळू नयेत म्हणून.

प्रश्न (रावेर) : केळीला ताजं कोंबडखत टाकलं तर हरकत आहे का?

आहे. कोंबड्यांना दिलेल्या औषधाचा बराच भाग विष्ठेतून तसाच बाहेर पडतो, सोबत प्रतिकारी जिवाणूही. खत ढीग करून कुजवा, आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर काही दिवस राहू द्या, मग पलटा, म्हणजे कडेचा मालही आत जाईल. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात ढीग तापलेला वाटतो, पण तो नुसता वाळतो. ओल नसेल तर कुजण्याची उष्णता तयारच होत नाही. पाणी शिंपडून मुठीत दाबल्यावर ओलसर लागेल इतपत ठेवा आणि वर पाचट टाका. कुजवल्याने सगळी जनुकं नाहीशी होत नाहीत, भार मात्र बराच कमी होतो. केळीपेक्षा जास्त काळजी आंतरपिकातल्या मेथी-कोथिंबिरीची आहे. कच्ची खाल्ली जाते ती भाजी. तिथे ताजं कोंबडखत अजिबात नको.