न खेळता गेलेला करंडक

प्रश्न : 1974 मध्ये भारतानं टेनिसमधल्या डेव्हिस करंडकाची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, अंतिम लढत न खेळताच सोडून दिली, असं आजोबा सांगतात. सरकारनं खेळाडूंच्या तोंडचा घास का काढून घेतला? आणि आज आपला क्रिकेट संघ पाकिस्तानात जात नाही, टेनिस संघ मात्र जाऊन येतो, हे कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आजोबांची आठवण पक्की आहे. घास तोंडचाच होता, आणि फुकटचा नव्हता. त्या मे महिन्यात कलकत्त्यात साउथ क्लबच्या गवतावर आपण ऑस्ट्रेलियाला 3-2 असं हरवलं. टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहायचा. विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंनी दुहेरीची लढत जिंकली 17-15, 6-8, 6-3, 18-16 अशी. मे महिन्यातलं कलकत्ता डोळ्यांसमोर आणा आणि हे आकडे पुन्हा वाचा. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पाच सामन्यांत मिळून 327 गेम झाले! पुढे सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघाला पुण्यात 3-1 असं लोळवलं. (माझे काका मला घरी ठेवून एकटेच बघायला गेले. तो राग अजून उतरलेला नाही.)

अंतिम फेरीत समोर आली दक्षिण आफ्रिका. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांखाली भारतीय वंशाची माणसंही भरडली जात होती, आणि त्या देशाशी भारतानं 1946 मध्येच व्यापार तोडला होता. इंदिरा गांधींच्या सरकारनं संघाला खेळू दिलं नाही. करंडकावर दक्षिण आफ्रिकेचं नाव लागलं, तेही अंतिम लढतीत एकही चेंडू न मारता.

मला हा निर्णय पटतो. देशाच्या नावानं संघ जातो, तेव्हा त्याबद्दल सरकार बोलणारच. माझा राग आहे तो स्पर्धा चालवणाऱ्यांवर. आर्थर ॲश या कृष्णवर्णीय अमेरिकी टेनिसपटूला दक्षिण आफ्रिकेनं व्हिसा नाकारला, त्या देशाला 1970 मध्ये स्पर्धेबाहेर काढलं, आणि 1973 मध्ये पुन्हा गुपचूप आत घेतलं. स्वतः ठाम राहायचं नाही आणि धोंडा भारतासारख्यांच्या गळ्यात बांधायचा, असला तो कारभार. आता, खेळलो असतो तर जिंकलोच असतो का? हेविट-मॅकमिलनसारखी दुहेरीची जोडी त्यांच्याकडे होती, त्यामुळे मी पैज लावणार नाही.

आता पाकिस्तान. तिथे धोरणापेक्षा वजन बघा. 2019 मध्ये आपल्या टेनिस संघटनेनं डेव्हिस करंडकाची लढत पाकिस्तानबाहेर मागितली, ती कझाकस्तानला हलली. पुढच्या वेळी तीच मागणी आंतरराष्ट्रीय महासंघानं फेटाळली. गेलं नाही तर लढत बहाल करायची आणि खालच्या गटात घसरायचं. मग फेब्रुवारी 2024 मध्ये संघ निमूट इस्लामाबादला गेला, 60 वर्षांनी, आणि 4-0 असा जिंकून आला. क्रिकेटवाल्यांना ही धास्तीच नाही. 2025 च्या चॅम्पियन्स करंडकाचं यजमानपद पाकिस्तानकडे, पण भारताचे सगळे सामने दुबईत, अगदी अंतिम सामनासुद्धा. प्रक्षेपणाचा पैसा भारतातल्या प्रेक्षकांवर उभा आहे, त्यामुळे तिथे ताट आपल्याकडे सरकतं. बाणेदारपणा म्हणून कोणी याची 1974 शी सांगड घालायला लागलं, तर मला हसू येतं. तेव्हा आपण करंडक गमावला होता. दुबईत काय गमावलं? उलट जिंकून आलो!

किंमत मोजली ती खेळाडूंनी. अमृतराज बंधूंनी पुढे हळहळ बोलून दाखवली, आणि त्यात गैर काहीच नाही. भारत पुन्हा अंतिम फेरीत पोचला तो 1987 मध्ये. गोथेनबर्गला स्वीडननं 5-0 अशी धूळ चारली. 1974 मध्ये विजय अमृतराज 20 वर्षांचा होता, या वेळी 34.