बाबांचा बल्बवाला हेडलॅम्प चालेल, की 10,000 लुमेनचा नवा घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या सुरुवातीला लोणावळ्याहून राजमाचीचा नाईट ट्रेक आहे. घरात बाबांचा जुना हेडलॅम्प पडलाय, ऑनलाइन पाचशे रुपयांत "10,000 लुमेन"वाला दिसतोय (लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप), आणि मित्र म्हणतोय की मोबाईलचा टॉर्च पुरे.

मित्राचं आधी निकालात काढू. मोबाईल हातात धरावा लागतो, म्हणजे एक हात गेला. घसरलात की तो सुटणार, आणि अडचणीत फोन करायची वेळ आली की नेमकी तेव्हाच त्याची बॅटरी संपलेली असणार. राजमाचीची वाट 15 किलोमीटरच्या आसपास आहे. एवढा वेळ फोन पेटवून ठेवणं शहाणपणाचं नाही.

आता बाबांचा दिवा. मागे डोक्याला बॅटरीची डबी, पुढे बल्ब, आणि काचेची कड फिरवली की दिवा लागतो आणि झोतही लहानमोठा होतो, असाच असेल ना? मीही त्यावरच शिकलो. त्याआधी आमच्याकडे तीन सेलची स्टीलची बॅटरी असायची. कातळटप्पा आला की ती दातात धरायची नाही तर मानेत खुपसायची, आणि वर पोचेपर्यंत तोंडाला लोखंडाची चव. त्यामुळे कपाळावर दिवा आणि दोन्ही हात मोकळे, ही चैन पहिल्यांदा अनुभवली तेव्हा आम्ही हरखूनच गेलो होतो. त्या दिव्याला चपटी साडेचार व्होल्टची बॅटरी लागायची. ती आपल्याकडे सहज मिळत नसे, म्हणून तीन पेन्सिल सेलचं अडॅप्टर वापरायचो. आत खोबणीत एक जादा बल्ब असायचा. तुमच्याही दिव्यात असेल, बघा. (गुहांत उतरणारे आणि खाणकामगार त्याहीआधी कार्बाइडचे दिवे वापरत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडतं, असिटिलीन वायू निघतो, तो पेटतो. चोरून आंबे पिकवायला वापरतात ते हेच कार्बाइड.)

बल्बचा दोष एकच, पण मोठा. तो खाल्लेली वीज बहुतेक उष्णतेत घालवतो. एका वॅटमागे जेमतेम 10-15 लुमेन उजेड हाती लागतो, तर आजचा बरा एलईडी 100च्या पुढे देतो. 1990च्या दशकात जपानमध्ये निळा एलईडी जमला, त्यावर पिवळा फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारा लेप) चढवून पांढरा उजेड मिळाला, आणि 2000 साली पेट्झल या फ्रेंच कंपनीनं तीन एलईडी आणि तीन छोट्या पेन्सिल सेलचा "टिक्का" नावाचा हेडलॅम्प बाजारात आणला. तेव्हा त्याचा उजेड आम्हाला निळसर, मरतुकडा वाटला होता. पण तो रात्रभर चालायचा आणि बल्ब उडायची भीती नव्हती. दोन-तीन वर्षांत मागची डबी सगळ्यांच्या डोक्यावरून उतरली.

मग 10,000 लुमेनवाला का नको? साधा हिशोब करा. वॅटमागे 100 ते 150 लुमेन धरले तरी त्याला 70 ते 100 वॅट लागतील. त्यात असतो एखादा 18650 सेल, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. चांगल्यातला असेल तर 3000 मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, म्हणजे साधारण 11 वॅट-अवर. सात-आठ मिनिटांत खेळ खलास. शिवाय घरातली सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते, तुम्ही कपाळावर तिच्या तिप्पट बांधणार! अर्थात तसं काही होत नाही, कारण खोक्यावरचा आकडाच थापेचा असतो. सेलवर "9800" छापलेलं दिसलं तर तीही थापच.

चालायला किती लागतं? पायवाटेवर 50 ते 100 लुमेन भरपूर झाले. वाट हुकली किंवा समोरचा कडा न्याहाळायचा असेल तर 300. आणि उजेड चौपट केला तर झोत दुप्पटच लांब जातो, त्यामुळे पुढचे हजार लुमेन पैशाच्या मानानं फारसे उपयोगी पडत नाहीत. माझ्या मते विकत घेताना सगळ्यात मोठा नाही, सगळ्यात बारीक उजेड किती आहे ते बघावं. तंबूत पिशवी शोधताना शेजारचा शिव्या देणार नाही, इतका मंद हवा.

खोक्यावरच्या तासांचीही एक गंमत आहे. एएनएसआय या अमेरिकन मानकसंस्थेचं टॉर्च-हेडलॅम्पसाठीचं एफएल1 हे मानक 2009 साली आलं. त्यात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ "चालतो" असा धरतात. म्हणजे 300चा दिवा 30वर आला तरी हिशोबात तो चालूच आहे. झोताचं अंतर मोजतात ते उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स (लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंत. दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण दुकानदार हे सांगत नाही. मी छापलेले तास सरळ निम्मे धरतो.

धुक्याचं मात्र कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. हरिश्चंद्रगडावर टोलार खिंडीतून वर आल्यावर देवळापर्यंत एकामागून एक टेकड्या लागतात. एका पावसाळी रात्री तिथे ढग उतरला. मी नुकताच घेतलेला दमदार दिवा पूर्ण लावला, तर समोर पांढरी भिंत! स्वतःचे बूट दिसेनात. बरोबर खिरेश्वरचे एक मामा होते, हातात दोन सेलची मिणमिणती बॅटरी. ते म्हणाले, "कपाळावरनं काढा तो दिवा, गुडघ्याशी धरा." धरला, आणि वाट दिसायला लागली. दिवा डोळ्यांशेजारी असला की धुक्याच्या थेंबांवरून उजेड थेट डोळ्यांत परततो, खाली धरला की नाही. याच युक्तीचा दुसरा फायदा घसाऱ्यावर उतरताना होतो. कपाळावरच्या उजेडात दगडांच्या सावल्या दगडांमागेच लपतात, सगळं सपाट भासतं आणि पाय फसतो. दिवा कमरेशी घेतला की सावल्या लांब पडतात, खड्डा कळतो. म्हणून पट्ट्यातून झटकन निघणारा किंवा पट्टा हातात गुंडाळता येईल असाच दिवा घ्या.

लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. डोळे अंधाराला सरावायला 20-30 मिनिटं लागतात, पांढरा झोत ते क्षणात घालवतो. तुम्ही जाताय तेव्हा राजमाचीला काजव्यांचे दिवस असतात. झाडाखाली उभं राहून त्यांच्यावर पांढरे झोत मारणारी टोळकी दरवर्षी दिसतात, तुम्ही त्यात नसा. काजव्यांचं चमकणं हे जोडीदाराला बोलावणं असतं, झगझगाटात ते हरवतं. मात्र चालताना लाल नको. त्यात रंग कळत नाहीत, आणि वाटेवरचं फुरसं (विषारी साप) मातीचंच वाटेल.

तर: 200 ते 400 लुमेनचा, पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारा (खोक्यावर पाण्यापासून बचावाची श्रेणी आयपीएक्स4 असली तरी पुरे, पावसाळाभर फिरणार असाल तर आयपीएक्स7), सेल बदलता येणारा नवा घ्या.

आणि बाबांचा जादा म्हणून सॅकमध्ये असू द्या. डबी उघडा. आत पांढरी-निळसर बुरशीसारखी पुटं असतील तर तो फुटलेल्या अल्कलाइन सेलचा क्षार आहे. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर किंवा लिंबू लावा, पुसा, पूर्ण वाळवा. पत्र्या पॉलिश पेपरनं हलक्या घासा. सैल झालेलं इलॅस्टिक कुठलाही शिंपी बदलून देईल. स्क्रूचा बल्ब असेल तर त्याच जागी बसणारा एलईडी मिळतो, फक्त व्होल्टेज जुळवा, आणि लागला नाही तर सेलची दिशा उलटी करून पाहा. पिवळा बल्बच ठेवलात तरी माझी हरकत नाही, त्याचा उजेड डोळ्यांना आजही सुखद वाटतो. सॅकमध्ये कड आपोआप फिरून दिवा लागतो, हे त्याचं जुनं दुखणं. सेल आणि पत्रीमध्ये कागदाचा तुकडा सरकवून ठेवा. लागेल तेव्हा ओढून काढायचा.