बायकोचा दाखला काढू का?

प्रश्न : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय 61, खासगी कंपनीतून निवृत्त. पत्नीला सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गोळीचा अंमल असला की तुळशीपुढे दिवा लावते, पेज वाढते. अंमल उतरला की खुर्चीतून उठता येत नाही. यंदा चवथीला नेवरीची (करंजीची) कडा मुरडताना तिचा हात थांबला, ताट बाजूला सारून ती भिंतीकडे बघत बसली. पंचायतीतल्या एकाने तिचा अपंगत्वाचा दाखला काढा आणि सरकारी मदतीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरा म्हणून सांगितलं. मुलगीही मागे लागली आहे. पत्नी म्हणते, ‘माझ्या नावापुढे अपंग लिहून घेणार नाही.’ मलाही वाटतं, आमचं कसंबसं भागतंय. गरजवंताच्या ताटातलं का घ्यावं?

उत्तर : भाऊ, ताटाची काळजी सोडा. त्या योजनेला उत्पन्नाची अट आहे. तुम्ही बसत नसाल तर समाज कल्याण खातं नाही म्हणेल, बसत असाल तर ते तुमचंच आहे.

मला वाटतं, तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: दाखला आणि पैसे. दाखला मिळाला म्हणून मदत मागायलाच हवी असं नाही. अपंगांसाठीच्या 1995च्या कायद्यात पार्किन्सन्स नव्हता. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आला. बहुतेक सवलतींना दाखल्यावर किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. तुम्ही जुन्या करपद्धतीने आयकर भरत असाल, तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या पत्नीसाठी 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. नव्या पद्धतीत ती नाही. दाखला आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा.

दाखल्यासाठी डॉक्टर करतात त्या तपासणीबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे आम्ही चुकलो. माझ्या नवऱ्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता. तपासणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘करतो की’ असं उत्तर दिलं. शर्टाची बटणं मी लावली होती, हे मी बोलले नाही. चारचौघांत त्यांचा मान जाऊ नये असं वाटलं. कागदावर 40च्या खालचा आकडा आला आणि आठ महिन्यांनी पुन्हा त्याच बाकावर बसलो.

तुमच्या घरी हे आणखी अवघड, कारण गोळीच्या अंमलात वहिनी चांगल्याच दिसतील. म्हणून पंधरा दिवस साध्या वहीत लिहा: गोळी किती वाजता, अंमल कधी उतरला, कुठे तोल गेला, आंघोळीला कोणाचा हात लागला. ती वही आणि न्यूरॉलॉजिस्टचे कागद बरोबर न्या. आजार दिसावा म्हणून त्या दिवशी गोळी चुकवू नका. ही औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

आता वहिनींचं. त्यांचा नकार मला पूर्ण कळतो. नेवरी हातात असताना जे सुटलं, ते कागदावर उतरवून घ्यायचं आहे, त्याला वेळ लागणारच. मुलीला जरा थांबायला सांगा. सकाळी गोळी लागू झाल्यावर, घरात दोघंच असताना, वही त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘यात काही चुकीचं लिहिलंय का?’ त्या बदल करतील तो करा. पैशांचा विषय त्या दिवशी काढू नका. माझ्या नवऱ्याला ‘अपंग’ हा शब्द शेवटपर्यंत रुचला नाही, तरी दुसऱ्या वेळी ते स्वतःहून म्हणाले, बटणांचं सांग. तोवर मीही घाई केली नव्हती.

त्या नाही म्हणाल्या, तर शिगम्यापर्यंत, हवं तर पुढच्या चवथीपर्यंत थांबा. हो म्हणाल्या आणि हात फार थरथरत असेल, तर सहीऐवजी अंगठा चालतो. त्यांचा हात धरून सही मात्र तुम्ही करू नका.