मोबाइल आणि मेंदूतील गाठ

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूत उजव्या बाजूला ‘मेनिन्जिओमा’ ही मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ आढळली, शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. व्यवसायामुळे ते वर्षानुवर्षे मोबाइल उजव्या कानाला लावून तासन्‌तास बोलत असत, म्हणूनच गाठ झाली, असे नातेवाईक म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : आजवरच्या अभ्यासांत तसे म्हणण्यास आधार मिळत नाही. त्यामुळे या आजाराचे खापर वडिलांच्या सवयीवर फोडले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मोबाइलच्या रेडिओलहरींत क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांनी ऊती किंचित तापतात, एवढेच. तरीही २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात घातल्या आणि लोकांच्या मनात भीती बसली. पुरावा तोकडा आहे पण शंका पुरती फिटलेली नाही, अशा गोष्टी या गटात येतात. त्या निर्णयात १३ देशांतील ‘इंटरफोन’ अभ्यासाचा मोठा वाटा होता. त्यात मोबाइल वापरणाऱ्यांत एकंदरीत धोका वाढलेला आढळला नाही. केवळ सर्वाधिक, म्हणजे एकूण १६४० तास किंवा त्याहून अधिक बोललेल्यांत ‘ग्लायोमा’चा (मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या, मेनिन्जिओमाहून वेगळ्या गाठीचा) धोका सुमारे ४० टक्के अधिक दिसला. परंतु हे तास लोकांनी आठवून सांगितलेले होते आणि काहींनी तर दिवसाला बारा तासांहून अधिक बोलत असल्याचे सांगितले होते! शिवाय गाठ उजवीकडे निघाली की रुग्णाला उजव्या कानाशी धरलेला फोनच आधी आठवतो. बहुतेक माणसे उजव्या हाताची असल्यामुळे नुसती बाजू जुळणे हा पुरावा ठरत नाही.

डेन्मार्कमध्ये स्मरणशक्तीऐवजी मोबाइल ग्राहकांच्या नोंदी कर्करोगाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक ग्राहकांत मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्याचा निष्कर्षही तोच आहे. मेनिन्जिओमाचा धोका वयाबरोबर वाढतो, तसेच पूर्वी डोक्याला रेडिएशन दिलेले असल्यासही वाढतो.

तरीही मनात धाकधूक असेल, तर स्पीकर किंवा इअरफोन वापरावा. फोन डोक्यापासून थोडा दूर गेला तरी लहरींचा प्रभाव झपाट्याने घटतो. रेंज कमी असताना फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो, तेव्हा लांबलचक बोलणे टाळावे. मात्र एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, प्रथमच फिट आली किंवा डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली, तर फोन कितीही कमी वापरत असलात तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.