माळ्यावरच्या फ्लॉप्या आणि दुकानात न पोचलेले गेम

इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात. पूर्वी माळ्यावरून घंगाळं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे खाली यायचे, हल्ली त्यांच्यासोबत फ्लॉप्या येतात. मागच्या लेखात मी जुन्या, पण कधीच विक्रीला न आलेल्या काँप्युटर गेमबद्दल लिहिलं, त्यावर आलेली निम्मी पत्रं या माळ्यांवरूनच आली आहेत. त्यांतली काही घेतो.

‘काका, बाबा १९८६ ते १९९४ सीप्झमधल्या एका कंपनीत प्रोग्रामर होते. गेल्या वर्षी ते गेले. आता इमारत पाडणार आहेत. माळा आवरताना सव्वापाच इंची वीस-बावीस फ्लॉप्या आणि दोन वह्या मिळाल्या. एका फ्लॉपीवर बाबांच्या अक्षरात “गेम – फायनल २” लिहिलंय. लॅमिंग्टन रोडवरून जुना ड्राइव्ह आणून बघू का?’ — विलेपार्ले

नका बघू. मीही असाच एकदा अधीर झालो होतो. मित्राने दिलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये सरकवली. खर्र असा आवाज आला. बाहेर काढली तेव्हा काळ्या चकतीवर गोल ओरखडा उठला होता, आणि चकतीवरचा चॉकलेटी थर ड्राइव्हच्या हेडला चिकटला होता. त्या ओरखड्यात काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

मुंबईत फ्लॉपीचा खरा शत्रू बुरशी. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि अशा तीस-पस्तीस पावसाळ्यांतून तुमच्या फ्लॉप्या गेल्या आहेत. फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून चकती दिसते. मधलं भोक बोटांनी धरून ती हळूहळू फिरवा आणि टॉर्चचा उजेड तिरपा टाका. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी वेगळी ठेवा आणि तिला ड्राइव्ह दाखवूच नका. अशा फ्लॉपीचं पाकीट कापून चकती धुता येते, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम आहे. स्वच्छ असतील त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळं सिलिका गुलाबी झालं की बदला. आणि कृपा करून डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढा. डबा जसा सापडला तसा, फ्लॉप्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने, लेबलं आणि पाकिटाची मागची बाजूसुद्धा. क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही. ‘फायनल २’च्या मागे ‘फायनल’ होती की ‘पगारपत्रक’, यावरूनही काही कळतं.

फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर चुकून काही लिहिलं जात नाही. (साडेतीन इंचीचं उलटं आहे, तिथे भोक उघडं हवं.) मग नक्कल. डॉसच्या साध्या ‘कॉपी’ आज्ञेवर अवलंबून राहू नका. ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं छोटं सर्किट जुना ड्राइव्ह आणि आजचा लॅपटॉप यांच्यामध्ये बसतं आणि चकतीवरचे चुंबकीय बदल किती वेळाने आले तेवढंच टिपून घेतं. फाइल वाचता येते की नाही, याची त्याला फिकीर नसते. त्यामुळे ३६० केबीच्या फ्लॉपीची नक्कल कित्येक एमबींची होते, पण फ्लॉपी उद्या मेली तरी त्या नकलेवर पुढे दहा वर्षं डोकं चालवता येतं.

आणि नक्कल सगळ्या फ्लॉप्यांची करा, ‘पत्रं’ लिहिलेलीसुद्धा. ख्रिस ओबर्थ या दिवंगत अमेरिकी प्रोग्रामरच्या सामानात त्याने निंटेंडोच्या एनईएस या गेमयंत्रासाठी लिहिलेल्या ‘डेज ऑफ थंडर’चा सोर्स कोड (ज्यातून गेम तयार होतो तो मूळ मजकूर) फ्लॉप्यांवर होता. हा अवतार कधी बाजारात आलाच नाही, आला तो दुसऱ्यांनी केलेला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या लोकांनी तो कोड जुळवून २०२० साली गेम पुन्हा उभा केला. तयार गेम लिहिलेली एखादी फ्लॉपी शोधत बसले असते तर हाती काही लागलं नसतं.

वह्यांबद्दल तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंत, मला मात्र फ्लॉप्यांपेक्षा त्यांचीच उत्सुकता जास्त आहे. चौकटीच्या कागदावर काळे-पांढरे चौकोन भरलेले असतील तर ती पात्रांची चित्रं. आकड्यांच्या लांब रांगा असतील तर बहुधा त्याच चित्रांचे कोड. त्या वह्या स्कॅन करा, आणि आईंना विचारा की बाबा रात्री उशिरा येत असत ते कोणत्या वर्षी. त्यांना गेम आठवणार नाही, पण जेवण झाकून ठेवलेलं नक्की आठवेल.

‘१९८७ साली माझ्याकडे डीबी स्पेक्ट्रम हा घरगुती काँप्युटर होता. त्यावर मी कबड्डीचा गेम लिहून इंग्लंडच्या एका कंपनीला कॅसेट पाठवली. त्यांचं सभ्य नकाराचं पत्र आलं. कॅसेटची दुसरी प्रत माझ्याकडे आहे. नकार मिळालेल्या गेमला काही किंमत असते का?’ — डोंबिवली

असते, आणि तुमच्या बाबतीत कॅसेटपेक्षा पत्राला जरा जास्तच.

इंग्लंडमधल्या स्पेक्ट्रमवर वाचायला भरपूर आहे. १९८२ साली १२५ पौंडांपासून सुरू झालेलं ते यंत्र, त्याची मासिकं, घरातल्या जेवणाच्या टेबलावर गेम लिहिणारी शाळकरी पोरं, हे सगळं नोंदलं गेलं आहे. पण परवाना घेऊन १९८६मध्ये तोच स्पेक्ट्रम प्लस इथे डीबी नावाने आला आणि इथल्या पोरांनी त्यावर काय लिहिलं, याबद्दल मात्र फार थोडं सापडतं. तुमचं पत्र हा त्याचा तारखेसह पुरावा आहे. पाकीट टाकलं नसेल तर तेही ठेवा, टपालाचा शिक्का त्याच्यावरच असतो.

आता कॅसेट. स्पेक्ट्रमचा प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाज म्हणूनच भरलेला असतो. आधी आतला फोमचा बारीक तुकडा, जो टेप हेडवर दाबून धरतो, जागेवर आहे का ते बघा. तो हमखास निखळतो. मग स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये टेप हलवावी लागते. पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळलेल्या पिढीला हे शिकवायला नको. चांगल्या डेकवर, डॉल्बी (खरखर कमी करणारं बटण) बंद करून, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये आवाज उतरवा. एमपी३ नको, कारण ते माणसाच्या कानाला नको असलेला भाग गाळतं आणि स्पेक्ट्रमला माणसाचा कान नसतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवत, आवाज जिथे सर्वांत धारदार येईल तिथे थांबवा. तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड जरा तिरकं असेल तर टेपही तितकीच तिरकी भरली गेली आहे.

दोन्ही बाजू शेवटपर्यंत उतरवा. आपण सगळेच ‘सेव्ह’ दोन-तीनदा करायचो, एक बिघडली तर दुसरी म्हणून. बहुधा आधीची कच्ची आवृत्तीही मागे कुठेतरी असेल. मग ती फाइल एम्युलेटरला, म्हणजे आजच्या काँप्युटरवर स्पेक्ट्रमचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामला, द्या. आधी लाल-निळसर पट्टे येतील, मग निळे-पिवळे. तेव्हा नातवंडांना शेजारी बसवा, मात्र ४८ केबी भरायला पाच मिनिटं लागतात हे त्यांना आधी सांगू नका.

‘इंटरनेटवर “हरवलेले गेम” अशा शंभर याद्या आहेत. खरा कोणता आणि अफवा कोणती, कसं ओळखायचं?’ — ठाणे

विचारायचं एकच: हे सर्वांत आधी कुणी, कधी लिहिलं? ‘पॉलिबियस’ घ्या. १९८१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये नाणं टाकून खेळायचं एक आर्केड यंत्र आलं, खेळणाऱ्यांना भ्रम होऊ लागले, काळ्या कोटातले लोक येऊन माहिती घेऊन जायचे, अशी ही गोष्ट. माग काढत गेलं तर १९८१चं एकही वर्तमानपत्र, जाहिरात किंवा पावती सापडत नाही. गोष्ट सुरू होते ती बऱ्याच वर्षांनी, इंटरनेटवरच्या एका नोंदीपासून. पिंपळावरच्या मुंजाचंही असंच असतं. पाहिलेला माणूस नेहमी शेजारच्या गावचा.

याउलट ‘बँडरस्नॅच’. लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरने त्याच्या पानभर जाहिराती केल्या. गेमसोबत वेगळं हार्डवेअरही येणार होतं. जुलै १९८४मध्ये कंपनी बुडाली, आणि गंमत म्हणजे त्या वेळी बीबीसीचे लोक तिथे चित्रीकरण करत होते. म्हणजे जाहिरात आहे, माणसं आहेत, कंपनी बुडतानाची फिल्म आहे, फक्त गेम नाही. हा न आलेला गेम खराच.

तरीही जाहिरातीवरून एवढंच सिद्ध होतं की कुणीतरी जाहिरात दिली. मासिकात छापलेला फोटोही कधी कधी चित्रकाराने नुसता रंगवलेला असायचा. म्हणून मी तीन वेगळे धागे मागतो: त्या काळचा छापील कागद, काम केलेला माणूस आणि प्रत्यक्ष कोड. दोन जुळले तर लिहितो, एकच असेल तर ‘म्हणतात’ असं लिहितो. माणसांच्या आठवणी प्रामाणिकपणे चुकतात. ‘१९९१ असेल बहुतेक’ असं कुणी म्हणालं की मी वर्ष सोडून देतो आणि विचारतो, गणपतीच्या आधी की नंतर? तेव्हा राहायला कुठे होता? दंगलींच्या आधी की नंतर? उत्तर बदलतं, आणि बदललेलं उत्तर बहुधा खरं निघतं.

‘२००४–०६मध्ये अंधेरीतल्या एका कंपनीत आम्ही मोबाइलचे जावा गेम करायचो. डझनभर पूर्ण झाले, पण ऑपरेटरने घेतले नाहीत. कंपनी बंद पडली. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर सगळं आहे. सरळ अपलोड करू का?’ — कांदिवली

जपणं आणि वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आजच करा, दुसऱ्याला दम धरा.

डिस्क थेट विंडोजला जोडू नका. जोडल्या जोडल्या विंडोज आपण होऊन तिच्यावर काहीबाही लिहितं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आख्ख्या डिस्कची एक प्रतिमा, म्हणजे तंतोतंत नक्कल, काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. टकटक आवाज आला तर तिथेच थांबा.

तुमच्या गेमचा काळ मला इतर सगळ्यांपेक्षा धोक्यातला वाटतो. १९८०च्या कॅसेटवर जीव टाकणारे लोक आहेत, कीपॅडच्या फोनवरच्या गेमला अजून फारसा वाली नाही. शिवाय एकेका गेमचे पंधरा-वीस अवतार. एका नोकियाचा पडदा १२८ बाय १२८, दुसऱ्याचा १७६ बाय २०८, आणि नोकियाच्याच सिरीज ४०च्या सुरुवातीच्या फोनवर आख्खा गेम ६४ केबीत बसवायचा. त्या ६४ केबीसाठी काय काय कापलं, कोणतं गाणं काढलं, कोणता राक्षस गाळला, हे आज फक्त तुम्हाला आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्यांना माहीत आहे. सगळे अवतार ठेवा. जावा गेमची जार फाइल म्हणजे झिपच असते, उघडली की आतल्या मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये नाव, कंपनी आणि आवृत्ती सापडते, फाइलींच्या तारखाही. जुन्या सहकाऱ्यांना एकत्र बसवा. तुमच्या बाबतीत वर्ष ठरवायला गणपतीसुद्धा नको. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, कोण गेमच्या कुठल्या आवृत्तीवर काम करत ऑफिसात अडकलं होतं, हे प्रत्येकजण सांगेल. तळमजल्यावरचा सर्व्हर त्या दिवशी गेला असेल तर तेही लिहून ठेवा.

आता कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच धरली जाते. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी. म्हणजे तुम्ही नाही. कंपनी बंद पडली म्हणून हक्क विरघळत नाही, मालमत्ता ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे तोही जाऊ शकतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कंपनी खरंच बंद झाली की दुसरीत विलीन झाली, ते कळेल. कलम ५२मधली बॅकअप प्रतीची सवलत वैध ताबा असलेल्यासाठी आहे, आणि माजी नोकराच्या घरातली डिस्क त्यात बसते का, हे वकिलाला विचारा. हक्कदार सापडतच नसेल तर कलम ३१-अ खाली परवाना मागता येतो, पण ती वाट लांबची आहे. सोपी वाट म्हणजे जुन्या संचालकांना फोन. माझा अनुभव असा की निम्मे लोक ‘ते अजून आहे?’ म्हणून खूश होतात आणि दोन ओळींची परवानगी लिहून देतात. तोवर गेमची यादी, स्वतःच्या आठवणी आणि कामाच्या पद्धती लिहायला कुणाची आडकाठी नाही. फक्त नोकरीच्या करारातली गोपनीयतेची अट तेवढी वाचून घ्या.

‘माझ्याकडे लेबल नसलेली, हिरवी पाटी उघडी असलेली व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. परदेशातला एकजण चांगले पैसे देतोय. विकू?’ — माहीम

विका की. अशी कॅसेट बहुधा विक्रीआधीचा नमुना असते, म्हणून तिला भाव. पैसा कुणाला नको? फक्त विकण्याआधी आतली नक्कल काढून घ्या, आणि घेणाऱ्याला तसं आधीच सांगा. ‘मदर’ या जपानी गेमची इंग्रजी एनईएस आवृत्ती १९९०मध्ये तयार होऊन पडून राहिली. एक नमुना कॅसेट संग्राहकाच्या हाती लागली, चाहत्यांनी तिची नक्कल काढली, आणि निंटेंडोने स्वतः तो गेम आणला २०१५ साली. मधली वर्षं तो जगला तो त्या नकलेवर. चिपवर काचेची गोल खिडकी असेल तर तिच्यावरचा स्टिकर काढू नका. ती चिप अतिनील प्रकाशाने पुसली जाते, आणि आपल्याकडे ऊन कमी नाही.

‘गेम वगैरे माझ्याकडे काही नाही, पण हे काम करायला आवडेल. सुरुवात कुठून करू?’ — गिरगाव

तुमच्याच गिरगावात मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ लागला होता. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, तरी तो कसा होता हे आपण थोडंफार सांगू शकतो ते जाहिराती, फोटो आणि पुस्तिकांमुळे. तेव्हा कागदापासून सुरुवात करा. १९८४मध्ये सरकारने ‘क्लास’ या संगणक साक्षरतेच्या योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो हे काँप्युटर दिले होते. तुमच्या शाळेत आले होते का, ते विचारा. प्रयोगशाळेच्या कपाटात मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामची वही निघू शकते. रद्दीवाल्याला सांगून ठेवा की १९९५च्या आधीचं काँप्युटरचं कुठलंही मासिक, किंमतपत्रक, अगदी क्लासचं हँडबिलसुद्धा, किलोच्या भावापेक्षा दोन रुपये जास्त देऊन घेईन. माझा रद्दीवाला आता स्वतःच फोन करतो. गेल्या महिन्यात त्याने ‘साहेब, काँप्युटरचं जुनं पुस्तक आलंय’ म्हणून बोलावलं. धावत गेलो तर ती १९८९ची टायपिंग क्लासची वही निघाली. घेतली तरी.