टोकं शेवटी बारीक करायची असतात

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. धनुष्यासाठी धामणीची काठी चांगली मिळाली आहे, मुठीपाशी रंधाही स्वच्छ फिरवला आहेस. पण पोरी, दोन्ही टोकं तू आत्ताच बोटाएवढी बारीक करून टाकलीस आणि आता म्हणतेस, ‘काका, वाक कसा बसवू?’ लग्नाआधी वरात काढावी तसं झालं हे. घाबरू नकोस, काठी अजून हातची गेलेली नाही. त्यावर खाली लिहितो.

आधी नावाचा घोळ. तू ज्याला होल्मेगॉर्ड धनुष्य म्हणतेस, ते होल्मेगॉर्डचं नव्हे. डेन्मार्कमध्ये झीलंड बेटावरच्या होल्मेगॉर्डच्या दलदलीत १९४४ साली एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडली. सुमारे ९००० वर्षांपूर्वीची. त्यांची मूठ अरुंद, पाती रुंद आणि चपटी, टोकांकडे निमुळती होत जाणारी. (मुठीच्या वर-खाली जो वाकणारा भाग असतो, त्याला मी पातं म्हणतो. हा माझ्या पडवीतला शब्द आहे, शास्त्रातला नाही.) तुझ्या चित्रातला तो ‘खांदा’, म्हणजे रुंद पातं एकाएकी संपून पुढे बारीक दांडी सुरू होणं, हे रूप मोलेगाबेटचं. डेन्मार्कच्याच एअरो बेटाजवळ समुद्राखाली गेलेली ती अश्मयुगीन वस्ती, होल्मेगॉर्डहून काही हजार वर्षं अलीकडची. हौशी धनुष्यकारांनी नंतरच्याचं रूप आधीच्याच्या नावावर खपवलं. मी एवढा हटून बसतो, कारण हा घोळ लाकडात उतरतो. मोलेगाबेटच्या पद्धतीत बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा वाकायचाच नसतो. तू मात्र टोकापर्यंत गोल कमान आणायला निघाली आहेस.

न वाकणारं लाकूड ठेवायचं कशाला? बाण सुटतो तेव्हा टोकं सगळ्यात वेगाने धावतात, मुठीजवळचं लाकूड जेमतेम हलतं. वेग दुप्पट झाला की त्या वजनाला लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून टोकाशी वाचवलेले पाच ग्रॅम बाणाच्या कामी येतात, मुठीशी वाचवलेल्या पन्नास ग्रॅमचं धनुष्याला काही सोयरसुतक नसतं. पण बाहेरची दांडी वाकायची नाही म्हटल्यावर सगळा ताण आतल्या पात्यावर येतो, म्हणून ते रुंद हवं. सगळं रूप यातूनच आलं आहे, दिसायला छान म्हणून कुणी ते घडवलेलं नाही.

आता तुझ्या काठीचा हिशोब. रुंदी निम्मी केली की ताठरता निम्मी होते. जाडी निम्मी केली तर ती आठवा हिस्सा उरते, कारण जाडी घनात मोजली जाते. तुझं पातं ४५ मिलिमीटर रुंद आणि १२ जाड आहे. दांडी १५ मिलिमीटर रुंद केलीस, म्हणजे रुंदी एक तृतीयांश झाली. तेवढाच ताठपणा टिकवायला जाडी १७ मिलिमीटरच्या वर हवी. दांडी अंगाने सडपातळ पण उभी जाड असते ती यासाठी. फोटो समोरून काढल्यामुळे ही जाडी दिसत नाही. मोजून बघ. १८ असेल तर तू वाचलीस. कमी असेल तर दांडीच्या पोटाच्या बाजूला, म्हणजे तुझ्याकडे येणाऱ्या बाजूला, त्याच लाकडाची पट्टी चांगल्या इपॉक्सीने चिकटव. तो भाग वाकत नाही, त्यामुळे जोड टिकतो. वाकणाऱ्या पात्यावर मात्र ही युक्ती करू नकोस. तिथे ठिगळ नीट बसत नाही.

पुढच्या वेळी दांडी शेवटपर्यंत ३० मिलिमीटरच्या आसपास रुंद ठेव. आधी आतली पाती सारखी वाकू देत, मग कडांनी दांडी उतरव. याचं एक कारण कुणी सांगत नाही. दोरी चढवली की ती बहुतेकदा मुठीच्या मधून जात नाही, एका बाजूला सरकते. टोक रुंद असेल तर एकाच कडेने लाकूड काढून दोरी अडकवायची खाच हवी तिकडे सरकवता येते. आधीच बारीक केलेल्या टोकात सरकायला जागाच नसते.

वाक जुळवायचं काम संथ आहे आणि त्यातच खरी गंमत आहे. भिंतीवर कप्पी लाव, दोरी खालून ओढ, स्वतः चार पावलं मागे उभी राहून बघ. दोरी २८ इंच ओढल्यावर तुला ४० पौंडांचा जोर हवा ना? मग पहिल्या दिवसापासून ४० पौंडांच्या वर ओढायचं नाही, धनुष्य सहाच इंच वाकलेलं असलं तरी. जिथे जास्त वाक दिसेल तिथे हात लावायचा नाही, ताठ जागी खरवडायचं. फुटक्या काचेची धार पुरते, आपले सुतार पूर्वी तेच करायचे. १२ मिलिमीटर जाडीतून अर्धा मिलिमीटर गेला तरी तिथली ताठरता सुमारे १२ टक्क्यांनी घटते, तेव्हा रंधा आता खुंटीला टांग. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलकं ओढून मगच पुन्हा बघ, कारण लाकूड आपलं म्हणणं उशिरा सांगतं.

खांद्याशी सगळ्यात जास्त लक्ष दे. माझं तिसरं धनुष्य तिथेच गेलं. मी करवतीने काटकोनात खाच घेतली होती, अगदी आखीव. २४ इंचांपर्यंत ओढलं आणि कोपऱ्यातून चीर पळाली. वरचा तुकडा कौलाला लागून खाली पडला, बायको म्हणाली, आता पुरे. कोपऱ्यात ताण गोळा होतो. म्हणून खांदा दोन-अडीच इंचांत वळण घेत उतरव, आणि खांद्याच्या आतली शेवटची चार बोटं किंचित ताठच राहू दे. सगळ्यांचा बिजागरासारखा वाक तिथेच पडतो.

लाकडाबद्दल विचारलंस. एल्म आपल्याकडे नाही. वावळ त्याच कुळातली, पण मी तिचं धनुष्य केलेलं नाही, म्हणून शिफारस करत नाही. धामणच बरी. संस्कृतातलं तिचं ‘धन्वन’ हे नाव उगीच पडलेलं नाही. अवजारांचे दांडे करणाऱ्याकडे विचार, झाड तोडायला जाऊ नकोस. तुकडा करवतीने चिरलेला नको, फाडलेला घे, म्हणजे लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जातात. पाठीवरची, म्हणजे तुझ्यापासून लांबच्या बाजूची, रेषा कुठेही तुटू देऊ नकोस. आणि कोकणातल्या पावसाळ्यात वाक जुळवायला बसूच नकोस. ओलसर लाकूड वाकतं, पण वाकलेलंच राहतं. काठी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव. आठवडाभर वजन हललं नाही की कामाला लाग.

दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याची, वळ. बाण न लावता ओढून सोडायचं नाही, हे तुझ्या धाकट्या भावालाही बजाव.

आता जाडी मोज, कमी भरली तर पट्टी चिकटव, दोन दिवस सुकू दे, मग मला फोटो पाठव. समोरून नको, कुशीतून. धनुष्य अर्धं ओढलेलं असू दे, आणि मागे दाराची सरळ चौकट दिसू दे, म्हणजे वाक मोजायला मला काहीतरी आधार राहील.

तुझा,
काका