देवळात नाही, राईत

प्रश्न : ताई, बाबा गेले तेव्हापासून माझा देवावरचा विश्वास उडाला. आई रोज सांजवात लावायला सांगते. हात जोडले की खोटं बोलल्यासारखं वाटतं. रानात गेलो की मात्र मन भरून येतं. मी आईला फसवतोय का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही रे. वात लाव, आईच्या सोबतीसाठी. हात जोडवत नसतील तर जोडू नकोस आणि तिला खरं सांग. तिला बहुधा आधीच कळलं असेल.

तिशीत माझीही श्रद्धा गेली. पुढे एकदा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराच्या राईत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात गेले. पाणथळीत रानजायफळाची झाडं, चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली त्यांची मुळं. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून ती बाहेर येऊन श्वास घेतात. मी तासभर बघत बसले. कोणाकडे काही मागावंसं वाटलं नाही.

पण ती राई देवाची म्हणूनच कुऱ्हाडीतून वाचली. त्यामुळे आईच्या देवाला मी कधी नावं ठेवत नाही. पाऊस सरला की तिथे जा, आत शिरण्याआधी गावात विचार. आणि आईला सोबत ने.